फेसावर माप नाही

श्रीरामपुरात मी पाच वर्षं ज्यांच्या घरी भाड्यानं राहिले, त्या गृहस्थांनी मला खोली दाखवायच्या आधी थर्मामीटर दाखवला. लोक शर्टाच्या खिशात पेन अडकवतात तिथं त्यांचा तो थर्मामीटर असे. स्टीलच्या नळीतला, वीतभर लांब. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते, बस स्टँडजवळच्या लॉजवर उतरले होते आणि संध्याकाळच्या आत खोली मिळाली तर बरं, अशा विचारात होते.

"मॅडम, आदी खोलीचे फॉल्ट सांगतो," ते जिन्याखालीच उभे राहून म्हणाले. "मे महिन्यात दुपारी तीनला एकेचाळीस. पंखा लावला तरी एकेचाळीसच, फकस्त ते एकेचाळीस खोलीभर हिंडतं. थंडीत पहाटं अकरा. उन्हाळ्यात नळाचं पानी आंघोळीजोगं गरम येतं, गिझर लागत न्हाई. पन थंड पानी पायजे आसंल तर आदल्या दिशी बादली भरून ठेवायची. पटतंय का?"

त्याआधी मी चार खोल्या पाहिल्या होत्या. चारही मालकांनी मला 'हवेशीर' हा एकच शब्द ऐकवला होता आणि चारही खोल्यांत मला गुदमरायला झालं होतं. इथं खोली न बघताच मी हो म्हटलं. त्यांनी मला एक कार्ड दिलं, त्यावर बाराही महिन्यांचं खोलीचं तापमान लिहिलेलं होतं. ते कार्ड दाराच्या मागे चिकटवायची त्यांची अट होती.

गावात त्यांना 'चार डिग्री' म्हणत. अर्थात तोंडावर नाही. तोंडावर सगळे 'मेकॅनिकसाहेब' म्हणत. त्यांची सगळी नोकरी दुधाच्या चिलिंग सेंटरवर गेली, त्यातली शेवटची वीस-बावीस वर्षं सोनईकडच्या एका सेंटरवर. गावोगावचं दूध कॅनमधून यायचं, ते मोठ्या टाकीत ओतायचं आणि बघता बघता चार डिग्रीवर आणायचं. पाचवर राहिलं तर ते स्वतःला दोष देत आणि तीनवर गेलं तर मशीनला. रिटायर झाल्यावर दूध सुटलं, पण डिग्री सुटली नाही. चहा ते बासष्टला पीत. कपात थर्मामीटर बुडवून बसत आणि बासष्ट झाले की दोन घोटांत संपवत. पाहुण्यांच्या कपातही तो बुडवायला जात, तेव्हा काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, हातावर चापट मारत. रविवारी चर्चला जाताना काकू त्यांचा खिसा तपासत. एकदा म्हणे पाळक उपदेश करत असताना यांनी थर्मामीटर काढून समोरच्या बाकाला टेकवला होता आणि शेजाऱ्याला हळूच म्हणाले होते, "पस्तीस. आता लोक झोपायला लागतील." लोक झोपले होते, ही गोष्ट काकू सांगत नसत, ती ते स्वतः सांगत.

त्यांचं दुसरं वैर फेसाशी होतं. कॅनमधलं दूध मापात ओतलं की वर फेस येतो. माप वरपर्यंत भरलेलं दिसतं, पण त्यातला बोटभर भाग नुसती हवा. बाकीचे लोक तो भाग डोळ्याआड करत. कोणाचा करायचा आणि कोणाचा नाही, हे माणूस पाहून ठरे. आमचे घरमालक मात्र माप भरलं की हात बांधून उभे राहत. फेस बसेपर्यंत पुढचं कॅन नाही. मागे रांग लागो, कोणी शिव्या देवो. फेस बसला की वर दूध घालायचं, मग आकडा. "फेसावर माप न्हाई," एवढं एकच वाक्य ते बोलत. एकदा खुद्द दूध संघाच्या चेअरमनच्या घरचं दूध घेऊन जीप आली. ड्रायव्हरला घाई होती. यांनी माप भरलं, हात बांधले आणि फेसाकडे बघत उभे राहिले. महिन्याच्या आत त्यांची बदली नेवासा तालुक्याच्या टोकाला, जिथं एसटीसुद्धा मन झालं तर जाते, अशा सेंटरवर झाली. ती गोष्ट सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जराही कडवटपणा नसे. "तिथलं कॉम्प्रेसर लई झकास हुतं मॅडम," असं म्हणत. बदलीनं आपल्याला चांगलं कॉम्प्रेसर मिळालं, एवढाच त्या प्रकरणाचा त्यांच्या लेखी अर्थ होता.

या माणसाशी बोलताना तोंड सांभाळावं लागे, हे मला माझी आई आली तेव्हा कळलं. आई वर आली आणि पदरानं घाम टिपत म्हणाली, "बाई गं, तुझा हा जिना चढताना देव आठवतो." खाली अंगणात ते काहीतरी खरडत होते. त्यांनी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकठोक ऐकून मी दार उघडलं, तर ते प्रत्येक दोन पायऱ्यांच्या मध्ये एक लाकडी पायरी बसवत होते. "मातोश्रींची तक्रार आली काल," म्हणाले. जिना चढायला खरंच सोपा झाला, पण उतरताना पाय कुठं पडेल याचा नेम राहिला नाही. मी स्वतः दोनदा पडले, आणि पडले हे त्यांना कळू दिलं नाही. कळलं असतं तर आणखी काय बसवलं असतं, कोण जाणे.

माणसं हजार गोष्टी सहज बोलून जातात. यांना त्यातलं काहीही सहज वाटत नसे. त्यांच्याकडे जुन्या सेंटरची एक जाड वही होती, 'बिघाड नोंद' असं वर छापलेली. कोणी कुरकुरलं की तिच्यात नोंद होई: तारीख, तक्रारदार, तक्रार, मुदत. दुरुस्ती झाली की समोर सही.

आता केमिस्टसाहेबांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा खटाटोप त्यांच्यापायी झाला. हे घरमालकांचे एकुलते एक मित्र, सोनईकडच्याच एका साखर कारखान्याचे रिटायर्ड चीफ केमिस्ट. उंच, गोरेपान, इस्त्रीच्या शर्टात. पत्नी वारल्यावर दोन गल्ल्या पलीकडे एकटेच राहत. रोज संध्याकाळी साडेपाचला ते आमच्या ओट्यावरच्या लोखंडी खुर्चीत येऊन बसत आणि दोघांचं भांडण सुरू होई. भांडण बावीस वर्षं एकच होतं. केमिस्टसाहेबांचं म्हणणं, जगात जे काही चांगलं होतं ते आचेनं होतं. उसाचा रस आचेवर आटवला नाही तर साखर कुठून येणार? घरमालकांचं म्हणणं, होतं आचेनं, पण टिकतं थंडाव्यानं. "तुमी नुसतं करून ठिवता साहेब, संबाळायचं आमी." मग साहेब म्हणत, "मेकॅनिक, तू आयुष्यात काही निर्माण केलं नाहीस, फक्त नासू दिलं नाहीस." दोघंही मला पंच म्हणून मध्ये ओढत, कारण फिजिक्स. मी कधीच निकाल दिला नाही. दिला असता तर दुसऱ्या दिवशी दोघांनाही करायला काही उरलं नसतं. काकू आतून म्हणत, "चाळीस वर्षांत माझ्याशी जेवढं बोलले न्हाईत तेवढं ह्यांच्याशी बोलत्यात. आन काय, तर ऊन आन गार."

गणपती विसर्जनाच्या आसपासची गोष्ट. मी वह्या तपासत ओट्याच्या पायरीवर बसले होते. केमिस्टसाहेब त्या दिवशी भांडले नाहीत. चहा गार होऊ दिला. मग म्हणाले, "मेकॅनिक, मी आता जातो. मुलगा दसरा झाला की न्यायला येतोय. बेंगळूरला. कायमचा."

घरमालक थर्मामीटर पुसत होते, ते पुसतच राहिले. "कशापायी?"

"आता इथं आहे काय?" साहेब हात झटकून म्हणाले. "साधी नळाची बिअर मिळत नाही या गावात. बेंगळूरला कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. तोटी फिरवायची, ग्लास असा घामेजलेला, वर थंडगार... तरुणपणी एकदा प्यालो होतो, अजून आठवते."

मला वाटलं, आता घरमालक काहीतरी बोलतील. नका जाऊ म्हणतील, निदान सुस्कारा तरी टाकतील. ते उठून आत गेले. साहेब गेल्यावर मी चोरून वही पाहिली. शेवटची नोंद ताज्या शाईतली होती. तक्रारदार: साहेब. तक्रार: गावात नळाची बिअर उपलब्ध नाही. मुदत: दसरा.

मला हसू आलं आणि मग हसू आल्याचं वाईट वाटलं. या माणसानं जन्मात बिअरचा थेंब चाखला नव्हता. पण मित्र जातोय, का जातोय ते त्यानं स्वच्छ सांगितलंय, मग ते कारण दूर केलं की तो जाणार नाही, इतका सरळ हिशोब होता.

चौथ्या दिवशी टेम्पोतून एक आडवा डीप फ्रीजर आला. स्टँडजवळचं एक आइस्क्रीमचं दुकान बंद झालं होतं, तिथला. अंगावर कोन चाटणाऱ्या गुबगुबीत पोराचं चित्र. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"ह्यात काय ठिवनार?"

"बिअर."

काकूंचे वडील उपदेशक होते. त्यांनी फ्रीजरभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाल्या, "क्रूस हाय त्या खोलीत न्हाई आनायचा. ओट्यावर ठिवा. आन एका कोपऱ्यात माझं दही राहील." अशा रीतीनं करार झाला.

त्या तीन आठवड्यांत मी जे पाहिलं, ते बी.एस्सी.च्या तीन वर्षांत मला कोणी दाखवलं नव्हतं. पहिला प्रश्न असा, की डीप फ्रीजर बर्फ करतो आणि बिअरचा बर्फ करून चालत नाही. घरमालकांनी जुन्या बल्क कूलरचा, म्हणजे दूध गार करायच्या टाकीचा, कंट्रोलर माळ्यावरून काढला, त्याचा सेन्सर फ्रीजरमध्ये सोडला आणि असं जोडलं, की आत चार डिग्री झाले की करंट बंद, साडेचार झाले की चालू. चारवर काटा थांबला तेव्हा त्यांनी मला हाक मारून दाखवला. लोक नातवाचा पहिला दात दाखवतात तसा.

दुसरा प्रश्न तोटी कुठून काढायची. मी म्हटलं, बाजूला भोक पाडा. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी माणसाच्या पोटाला भोक पाडा म्हटलं होतं. "मॅडम, ह्या पत्र्याच्या आत चौफेर गॅसच्या नळ्या हायेत. एक फुटली की डबा झाला." मग त्यांनी झाकणाच्या बिजागऱ्या काढल्या, फ्रीजरच्या कडांवर सागवानी फळ्यांची वीतभर उंच चौकट बसवली आणि झाकण त्या चौकटीवर जोडलं. भोक लाकडाला पाडलं, पत्र्याला खरचटलंसुद्धा नाही. त्या भोकातून दुधाचं सॅम्पल काढायची जुनी स्टीलची तोटी बाहेर आली. नळी दूध काढायच्या मशीनची. खाली ठिबकायला काकूंची परात. गॅसचा सिलिंडर सोडावॉटरच्या कारखान्यातून आला. पहिल्यांदा त्यांनी बिअरऐवजी पिंपात साधं पाणी भरून त्यात गॅस सोडला, आणि आमच्या गल्लीतला प्रत्येक माणूस आठवडाभर फुकटचा सोडा पीत ढेकरा देत हिंडला.

हे सगळं साहेबांपासून लपवायचं होतं, पण लपवणार कुठं? फ्रीजर ओट्यावरच. त्यावर चादर टाकलेली. साहेब रोज येत, चादरीवर चहाचा कप ठेवत, आणि विचारत, "हे काय रे?" घरमालक सांगत, "हिचं दही." तीन माणसांच्या घराला पुरून गल्लीला उरेल एवढा दह्याचा फ्रीजर! साहेब मान डोलावत आणि गप्प बसत. मला त्यांच्या गप्प बसण्याचं नवल वाटे. सिलिंडरचं तोंड चादरीखालून दिसत होतं, आणि माणूस शेवटी केमिस्ट होता.

तिसरा प्रश्न सरकारी. घरमालक बेकायदा काही करायला तयार नव्हते. ते दारूबंदी खात्याच्या ऑफिसात गेले आणि एक दिवसाच्या परवान्याचा फॉर्म मागितला. मी सोबत होते, कारण इंग्रजी. अपेक्षित उपस्थिती: चार. त्यांपैकी मद्यपान करणारे: एक. (माझं विचारू नका, मी तेव्हा कॉलेजात प्रोबेशनवर होते.) कार्यक्रमाचे प्रयोजन या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: मित्र थांबवणे. क्लार्कनं ते दोनदा वाचलं, चष्मा काढून आमच्याकडे पाहिलं, आणि काट मारून 'कौटुंबिक समारंभ' असं लिहिलं. घरमालक परत येताना रस्ताभर फणफणत होते. "खोटं लिवलं त्यानं मॅडम. माज्यादेखत खोटं लिवलं."

आणि चौथी गोष्ट, जिथं माझं चुकलं. टाकीतलं दूध गार होताना सारखं ढवळावं लागतं, नाहीतर वर साय धरते आणि खाली गार, वर कोमट असं होतं. म्हणून बल्क कूलरला पंखा असतो. घरमालकांनी तोच विचार बिअरला लावला. पिंपाच्या खाली त्यांनी जुन्या वॉशिंग मशीनची मोटर बसवली. दर पंधरा मिनिटांनी पिंप दोन मिनिटं गदगदा हले. मी म्हटलं, "काका, बिअरमध्ये गॅस असतो. हलवली तर..." ते म्हणाले, "मॅडम, आठ हजार लिटर दूध कदी एका जागी बगितलंय का तुमी?" मी नव्हतं बघितलं. मी गप्प बसले. फिजिक्सवाल्या माणसानं अशा वेळी गप्प बसू नये.

दसऱ्याच्या आदल्या शनिवारी नेवासा रोडवरच्या परमिट रूमवाल्याच्या ओळखीनं बिअरचं पिंप आलं. सकाळी बसवलं. दिवसभर दर पंधरा मिनिटांनी ओटा थरथरत होता. साडेपाचला साहेब आले. चादर काढलेली, फ्रीजर धुऊन लख्ख, त्या गुबगुबीत पोराच्या चित्रावर काकूंनी कॅलेंडर चिकटवलेलं. घरमालक स्वतः इस्त्रीच्या शर्टात.

"बसा साहेब," ते म्हणाले. "तुमची तक्रार हुती."

साहेब बसले. काचेचा उंच ग्लास फ्रीजरमधूनच बाहेर आला, घामेजलेला. घरमालकांनी तोटी फिरवली. फस्स करून पांढरा फेस आला, ग्लास भरला, परातीत सांडला. ग्लासात बिअर अर्धं बोट.

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा घरमालक तोटी बंद करून, हात बांधून उभे होते. चेहऱ्यावर काळजीचा लवलेश नाही. फेस त्यांना नवा नव्हता. "बसू द्या," म्हणाले. "फेसावर माप न्हाई."

"अरे, बिअरला फेस असतोच," साहेब म्हणाले. "तोच तर हवा असतो."

"तीस वर्षं कुनाला हवा मोजून दिली न्हाई साहेब. तुमाला देऊ?"

म्हणून आम्ही चौघं त्या ग्लासाकडे बघत बसलो. फेस हळूहळू खाली बसला. त्यांनी पुन्हा तोटी फिरवली, पुन्हा फस्स, पुन्हा हात बांधून उभे. गल्लीतून जाणाऱ्या एकानं "काय चाललंय?" म्हणून विचारलं. काकू म्हणाल्या, "दही." तिसऱ्या खेपेला निम्मा ग्लास झाला. अर्धा तास होत आला होता, आणि असं बसून राहिलं की माणसाला बोलावंच लागतं.

"मेकॅनिक," साहेब म्हणाले, "बिअरचं मी सहज बोललो होतो."

"सहज बोलला तरी फॉल्ट त्यो फॉल्टच."

"तसं नाही रे." साहेबांनी चष्मा काढला. "जूनमध्ये दूध गॅसवर ठेवून मी तुझ्याकडे येऊन बसलो. घरी जाऊन पाहतो तर पातेल्याचा कोळसा. जुलैत पुन्हा. त्या खेपेला गॅस नुसताच सोडलेला, पेटवलेलाच नाही. शेजारणीला वास आला म्हणून बरं. तिनं मुलाला फोन केला. तो म्हणाला, आता एकटं राहायचं नाही. त्याचं काही चुकत नाही." मग म्हणाले, "जन्मभर आचेवर नजर ठेवून साखर काढली मी. आता एक बर्नर माझ्या ध्यानात राहत नाही. हे तुझ्यापुढं कसं सांगू? म्हणून बिअरचं सांगितलं. हा सिलिंडर दिसला त्याच दिवशी तू काय करतोयस ते कळलं मला. रोज ठरवायचो, आज सांगू. रोज कप ठेवून उठायचो."

काकूंनी पदर तोंडाला लावला. घरमालकांच्या चेहऱ्यावर मात्र संताप होता, मी त्यांना इतकं चिडलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

"म्हंजी तीन आठवडे मी भलताच फॉल्ट काडीत बसलो?" ते ओरडले. "आदी सांगायचं न्हाई व्हय? गॅसचं काम दोन तासांचं! टायमर लावला, व्हॉल्व्ह लावला, अर्ध्या तासानं आपोआप बंद. फ्रीजर करायला मेलो मी, आन तुमचा फॉल्ट घरी तसाच!" आणि ते खरंच पाना आणायला निघाले.

"अहो, बसा!" काकू म्हणाल्या. "त्यांना घोट तरी घेऊ द्या."

ग्लास अखेर काठोकाठ भरला होता. फेस औषधालाही नव्हता. एव्हाना त्यातला गॅसही उडाला असणार आणि चार डिग्रीही. साहेबांनी एक मोठा घोट घेतला, बराच वेळ तोंडात ठेवला. "मेकॅनिक," ते म्हणाले, "इतकी शिळी बिअर मी जन्मात प्यालो नाही." आणि दुसरा घोट घेतला, आणि तिसरा. ग्लास संपवूनच खाली ठेवला.

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. मुलगा रोज याच वेळेला फोन करी. साहेबांनी तो स्पीकरवर टाकून परातीच्या कडेला ठेवला आणि म्हणाले, "बाळ, इथं सगळे आहेत." घरमालकच पुढे वाकले, फोन बहिरा असल्यासारखे मोठ्यानं बोलायला लागले. टायमर, व्हॉल्व्ह, अर्धा तास, आपोआप बंद. मुलगा शांतपणे ऐकून घेत होता.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही गॅसला व्हॉल्व्ह लावाल. मला खात्री आहे, उत्तम लावाल. पण आज गॅस विसरले, उद्या घरचा रस्ता विसरले, तर त्याला काय लावाल?"

घरमालकांनी खिशाकडे हात नेला, तसाच खाली आणला.

"त्याला काय लावायचंय?" ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "मी जाईन की आनायला. साडेपाचला आले न्हाईत, की निगालो मी."

"आणि तुम्हीच रस्ता विसरलात तर? तुमचंही वय झालंय, काका."

"तर मंग हे येतील मला हुडकायला," घरमालक म्हणाले. "आन दोघंबी विसरलो तर दोघं मिळून इचारू की कुनाला तरी. गाव काय मोकळं पडलंय का?"

पलीकडे मुलगा हसला, पण ते हसणं नीट नव्हतं, मध्येच अडकलं. साहेब फोनकडे बघत होते आणि घरमालक साहेबांकडे.

"बरं, काका," मुलगा म्हणाला. "दसऱ्याला मी न्यायला येत नाही. दिवाळीला राहायला येतो."